न कुरतडलेली पानं

फोडणीत कढीपत्ता तडतडला की अजूनही माझी नजर बाल्कनीकडे जाते. राजधानीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीतल्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या जेवणाची आमटी त्या वर्षी माझ्याकडे होती, आणि पुण्याहून रेल्वेत मांडीवर धरून आणलेल्या माझ्या कढीपत्त्याचा मला भारी अभिमान होता. आदल्या सकाळी पाहते तर झाडावर हिरव्यागार, गुबगुबीत अळ्या आणि निम्म्या फांद्यांच्या नुसत्या काड्या. माझी लेक कुंडीशी उकिडवी बसून त्यांच्याशी गप्पा मारत होती. "आई, राहू दे ना यांना, तितली बनेंगी ये!" "बनू देत की, पण माझ्या आमटीच्या जिवावर नको," असं म्हणत मी झुरळांसाठी आणलेला फवारा मारला. अळ्या आक्रसून फरशीवर पडल्या, उग्र वास घरभर पसरला. लेकीने त्या कागदावर गोळा केल्या आणि कुंडीतच पुरल्या. मग माझ्या लक्षात आलं, की आता ती पानं आमटीत घालण्याजोगीही राहिली नव्हती. कढीपत्ता शेवटी मी भाजीवाल्याकडूनच आणला. आज ते झाड माझ्या खांद्याला लागलंय. आमच्या सोसायटीत चुकून फुलपाखरू आलंच, तर मुलं फोटो काढायला धावतात. मी पुन्हा कधी काही फवारलं नाही. रोज सकाळी पानं उलटून उलटून बघते, पण एकही कुरतडलेलं नसतं.