पुलावरचे नऊ

सहा भागांची ती मालिका. अंतराळातल्या कुठल्यातरी ओसाड ग्रहावर जड चिलखत घालून उतरायचं आणि अंगावर येणाऱ्या वाकड्या पायांच्या प्राण्यांना गोळ्या घालत पुढं सरकायचं. गेमचं नाव इंग्रजी आणि लांबलचक. आम्ही त्या प्राण्यांना टोळ म्हणायचो, आणि आई त्या सगळ्या प्रकारालाच टोळधाड म्हणायची. संगमनेरच्या एका दुकानातून आणलेलं सेकंडहँड मशीन, दोन रिमोट, आणि आडवा दुभागलेला टीव्हीचा पडदा. वरचा अर्धा माझ्या धाकट्या भावाचा, खालचा माझा. मी चार वर्षांनी मोठी असूनही खालचा अर्धा माझ्या वाट्याला कसा आला, हे मला आजही सांगता येणार नाही.

सगळ्यात भारी भाग कोणता, यावर आम्ही बारा वर्षं भांडलो. माझा दुसरा, त्याचा तिसरा. दुसऱ्या भागात गोळ्या मोजक्या, त्यामुळे लपावं लागतं, वाट बघावी लागते, डोकं चालवावं लागतं. तो म्हणायचा, हा भाग खेळणं म्हणजे रेशनच्या रांगेत उभं राहणं. तिसऱ्यात नुसता धडाका. थांबलात की मेलात. मी म्हणायचे, डोकं घरी ठेवून खेळायचा भाग आहे हा. पण तिसऱ्या भागातला तो पूल मलाही आवडायचा, हे मी त्याच्यासमोर कधी कबूल केलं नाही. खोल दरीवरचा अरुंद पूल, पलीकडं दरवाजा, आणि निम्म्यावर पोचलं की धुरातून नऊ टोळ एकदम येतात. एकानं उजवीकडचे घ्यायचे, दुसऱ्यानं डावीकडचे. आमच्यातला कुणी मेला तर दुसऱ्यानं एकट्यानं पूल ओलांडायचा नाही, मेलेला परत जिवंत होऊन येईपर्यंत अलीकडं थांबून राहायचं, हा आमचा घरचा नियम.

गेल्या उन्हाळ्यात सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करताना भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारची दोन, मधल्या पेरापासून. मी तेव्हा संगमनेरला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते तिथं, परीक्षेच्या गडबडीत होते. फोन आला तेव्हा माझ्या हातात काचेचं नळकांडं होतं, ते मी कसं खाली ठेवलं ते आठवत नाही.

नगरच्या दवाखान्यातून तो कोल्हारला घरी आला आणि हात रुमालात गुंडाळून बसला. जखम भरली, टाके निघाले, तरी रुमाल सुटेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं की हात वापरला नाही तर उरलेली बोटंही आखडतील, आणि एकदा आखडली की पुन्हा वळायची नाहीत. महिनाभर आहे तुमच्याकडे, म्हणाल्या. त्यातले पंधरा दिवस त्यानं डाव्या हातात चमचा धरून आतल्या खोलीत जेवण्यात घालवले. व्यायामाला हात लावू द्यायचा नाही. आई जवळ गेली की तो रुमालातला हात पाठीमागं घ्यायचा.

एका शनिवारी मी घरी आले तर आई त्याच्यासाठी दुधात भाकरी कुस्करत होती. माझं डोकं फिरलं. तो काय दोन वर्षांचा आहे का, मी म्हणाले, त्याचा हात गेलाय की दात गेलेत? आईनं वाटी आत नेली. थोड्या वेळानं वाटी तशीच बाहेर आली. आईला बोलल्याचं मला वाईट वाटलं, पण माझं बरोबरच होतं असंही वाटत राहिलं.

गेमची कल्पना मला त्याच रात्री सुचली. रिमोट धरायला दोन्ही हात लागतात, आणि गोळी झाडायचं बटण नेमकं उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली. तेच बोट नव्हतं. म्हणजे उरलेली बोटं वळवावी लागणार. ज्या गोष्टीसाठी तो जेवण सोडून उठायचा त्या गोष्टीसाठी तो हात बाहेर काढेल, असं मला वाटलं. प्रश्न एवढाच होता की कोणता भाग लावायचा.

इतकी वर्षं आम्ही आवडीवरून भांडलो होतो, आता मला कामाचा भाग निवडायचा होता. पहिला फार जुना, त्याला त्याचा कंटाळा. माझा दुसरा सावकाशीचा, दुखऱ्या हाताला बरा, पण तो लावला असता तर मी संधी साधतेय असं त्याला वाटलं असतं. चौथा एकट्यानंच खेळायचा. पाचव्याला आम्ही दोघंही हसत आलोय. सहाव्यात बटणं हवी तशी बदलता येतात, खरं तर तोच शहाणपणाचा, पण त्यात पडदा दुभागत नाही, मला शेजारी नुसतं बघत बसावं लागलं असतं. आणि त्याला कुणी बघत बसलेलं नको होतं. राहिला तिसरा. सगळ्यात वेगवान, सगळ्यात अवघड, त्याचा लाडका. भीती वाटत होती. पहिल्याच मिनिटाला चार वेळा मेला तर तो रिमोट टाकेल आणि पुन्हा कधीच उचलणार नाही, हे मला दिसत होतं.

म्हणून मी एक गोष्ट केली. रविवारी दुपारी तो झोपलेला असताना मी तिसरा भाग लावला, पूल असलेला टप्पा निवडला आणि खेळ सगळ्यात सोप्या पातळीवर नेऊन ठेवला. आम्ही कायम सगळ्यात अवघड पातळीवर खेळायचो. त्याला सांगितलं नाही.

तो आला. बराच वेळ दारात उभा राहिला. मग सतरंजीवर बसला आणि रुमालासकट हात रिमोटवर ठेवला. मी पडद्याकडं बघत राहिले, त्याच्याकडं मुद्दाम बघितलं नाही. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे आईपण कान देऊन होती. करंगळीशेजारच्या बोटानं तो बटण दाबायला बघत होता, रुमाल सटकत होता, पण टोळ पडत होते. एक, दोन. आम्ही पुलावर आलो. धूर आला. आम्ही दोघांनी मिळून सगळे टोळ पाडले, एकदाही न मरता, आणि मी वेड्यासारखी म्हणाले, बघ, जमतंय की तुला.

त्यानं रिमोट खाली ठेवला. पडद्यावरचा त्याचा माणूस पुलाच्या मध्यावर तसाच उभा.

“ताई, पुलावर नऊ असत्यात.”

मी रिमोटवरची बटणं उगाच दाबत राहिले.

“पाचच आले. मी मोजले.”

मी काहीतरी बोलू लागले, की जुनं मशीन आहे, कधीकधी होतं असं. त्यानं मान हलवली.

“मला धड मरूबी देईना झालात तुमी सगळे.”

आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं. तो उठून गेला, आणि मग माझाच तोल सुटला. बंद दाराकडं बघून मी म्हणाले की तुझ्यासाठी झटणाऱ्यांना टाकून बोलायचं एवढंच जमतं तुला, ठेव तो हात गुंडाळून, आखडू दे. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिनं माझ्याकडं जे बघितलं त्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि भाकरीवरून आदल्या दिवशी मी तिला काय काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवलं. मी तेच केलं होतं. फक्त मला वाटलं होतं की मी शहाणी.

तो आठवडा संगमनेरला माझं कामात लक्ष नव्हतं. आईला रोज फोन केला. रुमाल सुटला का, एवढंच विचारायचे. “न्हाई सुटला,” ती सांगायची. महिन्यातला एकच आठवडा उरला होता. फोन त्याला दे असं म्हणायचं धाडस मला झालं नाही.

पुढच्या रविवारी मी पोचले तर टीव्ही चालू होता. तो सतरंजीवर बसलेला, तिसरा भाग लावलेला, पातळी सगळ्यात अवघड. दुसरा रिमोट माझ्या जागेवर ठेवला होता. मी चप्पल काढली आणि काही न विचारता बसले. मग त्यानं रुमाल सोडला. मी तो हात तेव्हा पहिल्यांदा पाहिला. गुलाबी, चकचकीत, ओळखीचा नसलेला. मी नजर वळवली नाही.

बाकी बटणं बदलता येत नसली तरी डाव्या हातानं गोळी झाडायची सोय या भागातही आहे, हे मी एकदाच म्हणाले. त्यानं ऐकलंच नाही असं केलं.

तो पहिल्यांदा मेला तेव्हा पुलावर पाऊलही पडलं नव्हतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तसंच. बोट बटणावरून घसरायचं, गोळी उशिरा सुटायची. दर वेळी मी अलीकडं थांबायचे, आणि तो परत आला की आम्ही पुन्हा निघायचो. एकदा तो म्हणाला की तू जा पुढं, दरवाजा उघड. मी म्हणाले, नाही जाणार. त्याच्या कपाळावर घाम होता, ओठ दातांखाली. मला रडू येत होतं आणि रडले असते तर त्यानं मला घराबाहेर काढलं असतं. तासाभरानं आम्ही धुरात शिरलो, त्यानं उजवीकडचे तीन पाडले, चौथ्यानं त्याला पाडलं. पाठोपाठ मी मेले. पडदा वरही काळा, खालीही काळा.

रिमोट बाजूला ठेवून त्यानं तो उजवा हात माझ्या मांडीवर उताणा ठेवला.

“लई ठणकतोय,” तो म्हणाला. “त्या बाईंनी काय दाखवलं हुतं, कर तेवढं.”

मी त्याची उरलेली बोटं एकेक करून वळवायला लागले, आणि त्यानं हात मागं घेतला नाही.