चिखल धुवा, चिखल लावा

शहराच्या कडेला असलेल्या येलहंक्याचे विश्वासराव आठवडाभर एका शाळेत कारकुनी करायचे आणि रविवारी स्वतःचा ट्रॅक्टर भाड्याने चालवायचे. पण शेतांवर इमारती उभ्या राहिल्या तशी नांगरणीची कामं आटली. म्हणून त्याच शहरातल्या मारतहळ्ळीच्या एका कंपनीने संक्रांतीला 'गावाकडचा सण' सजवायला ट्रॅक्टर मागितला, तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला.

गेटवरच वॉचमन आडवा आला. चिखलाची चाकं आत चालणार नाहीत म्हणाला. विश्वासरावांनी बादल्या ओतून चाकं लख्ख धुतली. आत सजावट बघणारी पुण्याची निवेदिता मात्र हिरमुसली. "काका, हा तर शोरूममधला वाटतोय! फोटोसाठी थोडा चिखल लावा ना, प्लीज."

विश्वासरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यांनी कुंड्यांतली माती कालवून चाकांना फासली. मग दिवसभर लोक सीटवर चढून फोटो काढत राहिले. इंजिन सुरू करायला तेवढी बंदी होती.

संध्याकाळी निघताना त्याच वॉचमनने हात आडवा केला. "अण्णा, रस्ता घाण होईल. स्वल्प चाकं धुऊन जा," तो कानडी ढंगात म्हणाला.

"अरे, इतकी वर्षं शेतं नांगरली, पण चिखलाने असा छळ कधी मांडला नव्हता!" विश्वासराव कडाडले, आणि बादली घ्यायला खाली उतरले.