मागच्या खिडकीचा पडदा

सेड्रिक ओल्डरॉइड जिना उलटा उतरायचा, शिडी उतरावी तसा. क्लेमेंट स्ट्रीटवरची घरं एकमेकांना चिकटलेली, भिंती पातळ. त्याची सावकाश पावलं रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची, आणि आई चहा ओतता ओतता क्षणभर थांबायची.

पोरवयात तो सूतगिरणीत लागला आणि तिथूनच फुटबॉल क्लबने त्याला उचललं. लढाईची वर्षं सोडली तर त्याची उमेदीची सगळी वर्षं आमच्या गावाच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूला खर्ची पडली. गोल त्याने फारसे केले नाहीत. त्याचं काम अडवण्याचं. एकदा त्याने अडवलेला माणूस पुढच्या वेळी आपणहून दुसऱ्या बाजूने जायचा.

घर क्लबचं होतं. खेळतोय तोवर राहायचं, क्लबने सोडलं की घरही सोडायचं. त्याच्या बायकोने, विनीने, त्या घरात स्वतःचं म्हणावं असं एकच केलं होतं. लढाईत विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडक्या झाकायला आणलेल्या काळ्या कापडावर पिवळी फुलं भरून तिने वरच्या मागच्या खोलीला पडदे शिवले होते. त्या खिडकीतून अर्धं मैदान दिसायचं. उरलेलं अर्धं स्टँडच्या छपराआड.

त्याच्या दुखऱ्या गुडघ्याचं दोघांनी कुणाला कळू दिलं नाही. रात्री विनी गरम मिठाची पुरचुंडी बांधायची. सकाळी तो ट्रेनर ग्रिम्शॉच्या दारावरून ताठ चालत जायचा आणि कोपरा वळल्यावरच लंगडायचा.

मार्चमधल्या एका गुरुवारी विनीच्या दारात एक तरुण बाई उभी राहिली. हातात शिंप्याची टेप. नाव मॉरीन. तिच्या नवऱ्याला क्लबने नुकतंच घेतलं होतं.

"पडद्यांसाठी खिडक्या मोजून घे म्हणाले मॅनेजर," ती संकोचून म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असेल असं वाटलं मला, मिसेस ओल्डरॉइड. आमचा हा पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपासून खेळणार, मग आम्ही इथं राहायला येऊच."

विनीने तिला आत घेतलं, चहा दिला, टेपचं दुसरं टोकही धरलं. पोरगी दोनदा माफी मागून गेली.

शुक्रवारी सेड्रिक खुशीत घरी आला. उद्याच्या संघात त्याचं नाव होतं. ग्रिम्शॉने मात्र त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सेड, लेका, त्या गुडघ्याचं मला नाताळापासून ठाऊक आहे. उद्या डॉक्टरची एक सुई घे, दुखणं कळणारही नाही, पोरासारखा धावशील."

तेव्हा विनीने मॉरीनचं सगळं सांगितलं. क्लबला तुझ्याकडून एवढा एकच सामना हवाय, हेही. तिला वाटलं होतं, हे ऐकून तो सुई नको म्हणेल.

त्याने शेगडीतले निखारे सारखे केले. मग म्हणाला, "तिला सांगायचंस, मागची चौकट वाकडी आहे. पडदा कधी सरळ बसत नाही."

"सेड्रिक, घर जाणारच आहे. पाय तरी राहू दे."

"उद्या चांगला खेळलो तर कोण कशाला हलवेल मला?"

शनिवारी दुपारी तो जिना सरळ उतरला. भिंतीपलीकडे आईला ती पावलं वेगळीच ऐकू आली. डॉक्टरची सुई टोचायला अजून तासभर होता. तो नुसता सराव करत होता.

पहिला अर्धा वेळ विनीने खिडकीतून पाहिला. तो या बाजूला होता, आणि खरंच धावत होता, लग्नाआधी धावायचा तसा. तिला क्षणभर वाटलं, त्याचंच बरोबर असेल. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. तो छपराआड गेला. आता दिसत होतं ते रिकामं, चिखलाने माखलेलं गवत आणि गोलच्या खांबांमधे एकटाच उभा समोरच्या संघाचा गोलरक्षक. बाकी सगळं फक्त ऐकू येत होतं.

गर्दीचा आवाज चढत गेला, चढत गेला, आणि मधेच थांबला. एवढी माणसं असूनही धुराड्यावरच्या कावळ्याचं ओरडणं ऐकू आलं. मग डावीकडून ग्रिम्शॉ दिसला. हातात पाण्याची बादली, पाणी सांडत, गवत ओलांडत तो पलीकडे धावला आणि छपराआड गेला. त्याच्यामागे दोघे जण स्ट्रेचर घेऊन.

आई तेव्हा मागच्या अंगणात कपडे काढत होती. तिने वर शेजारच्या मागच्या खिडकीकडे पाहिलं. विनी खुर्चीवर उभी राहून पडद्याच्या कड्या एकेक करून सोडवत होती.