आलोच, बाई!

आधी बाईंचं सांगतो. माझं काय झालं ते मागाहून. त्या नसत्या, तर मागाहून सांगायला काही उरलंच नसतं. सातवीला इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या या घरमालकीणबाईंइतका पाठाचा ध्यास घेतलेला माणूस अख्ख्या नाशकात दुसरा सापडणार नाही. लोक उद्याच्या भाजीचा विचार करतात. बाई भाजी घेतानाही उद्याच्या पाठाचाच विचार करायच्या. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात एकदा कांदा हातात धरून त्या पुटपुटत होत्या, "ॲन अनियन... ॲन अनियन..." भाजीवाली भडकली. "ॲन-बिन काय नाय हो बाई, लासलगावचा हाय!" बाईंनी आनंदाने तिच्याकडून दुप्पट कांदे घेतले आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला वाटले.

घरात काका, म्हणजे त्यांचे यजमान, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "आमचा बॉयलरसुद्धा दुरुस्तीला बंद व्हायचा. हिचं टाचण काही बंद होत नाही." टाचण म्हणजे पाठ कसा घ्यायचा त्याचा आराखडा. तो आधी माझ्यावर करून बघितल्याशिवाय बाई शाळेत न्यायच्या नाहीत. मी बुलढाण्याकडचा, सातवीतच शाळा सुटलेली; त्यांच्याच घरात खालच्या खोलीत भाड्याने राहायचो. त्यामुळे माझं नावच त्यांनी 'सातवी' ठेवलं होतं. "ए सातवी, वर ये! तुला कळलं म्हणजे वर्गाला कळलं. तू माझा मागचा बाक आहेस." मला राग यायचा नाही. शाळा सुटल्यापासून कुठल्या बाकावर मला कुणी बसवलंच नव्हतं.

तेव्हा मी एका हॉटेलात सामान उचलायला नुकताच लागलो होतो, तेही चाचणीवर. गावी आईने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, पोरगा मोठ्या हॉटेलात हाय म्हणून. परत जायचं तोंड नव्हतं. एका सकाळी एका परदेशी पाहुण्याचा खोलीतून फोन आला, बॅग न्यायला कुणी का येत नाही? मी मागच्या जिन्याकडे पळता पळता फोनवरच ओरडलो, "आय केम सर, आय केम!" आपण 'आलोच' म्हणतो ना, तसं. त्यांना वाटलं, हा येऊन गेला. ते लिफ्टने खाली मला शोधायला, मी जिन्याने वर त्यांना शोधायला, असं बराच वेळ चाललं. त्यांची गाडी चुकता चुकता राहिली. मॅनेजर म्हणाले, "पुन्हा असं झालं ना, तर गावची एसटी धरायची."

बाईंना सांगताना मी रडकुंडीला आलो होतो. त्यांनी टाळीच वाजवली. "काय सुंदर चूक आहे रे! उभ्या नोकरीत मला असं उदाहरण सुचलं नाही." उद्याचं टाचण त्यांनी तिथल्या तिथे बाद केलं, काकांची बॅग काढली आणि मला जिन्याखाली उभं केलं. खाली "आय विल कम", पायऱ्यांवर "आय ॲम कमिंग", आणि वर पोचून बॅग टेकवली की मगच "आय केम". मी चढतोय, उतरतोय, घामाघूम. काकांनी बॅग उघडून पाहिली. "अगं, हिच्यात विटा कशाला?"

"वजन असल्याशिवाय काळ कळत नाही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा सगळा वर्ग दप्तरं घेऊन शाळेच्या जिन्यावर होता म्हणे. आणि मी हॉटेलात पायऱ्या चढताना फोनवर म्हणालो, "कमिंग, सर." मॅनेजरांनी नुसतं वळून पाहिलं. महिनाअखेरीला माझ्या शर्टावर नावाची पट्टी लागली. आता हॉटेलात सगळे मला नावाने हाक मारतात. 'सातवी' म्हणणारं मात्र नाशकात कुणी उरलं नाही.

कारण बाई निवृत्त झाल्या आणि काकांना घेऊन मुलाकडे बंगळुरूला गेल्या. वरच्या मजल्याला कुलूप आहे. जिन्यावरून येता-जाता मी अजून पायरीपायरीवर काळ बदलतो. परवा त्यांचा फोन आला.

"काय रे सातवी, इकडे कधी येतोस?"

"आलोच, बाई!" तोंडातून निघून गेलं.

"कुठे आलास? दारात तर कुणी दिसत नाही."

"आय विल कम, बाई."

"हं, आता कसं!" त्या म्हणाल्या. मग हळूच, "इथे टाचण ऐकायला कुणी नाही रे."

यंदा मी दहावीला बाहेरून बसतोय. इंग्रजीत पास झालो की पेढे घेऊन बंगळुरूला जाणार. बाईंचे उपकार पेढ्यांनी फिटणार नाहीत, हे मला कळतं. म्हणून त्यांना बाजारात घेऊन जाईन, कांद्यांची पिशवी मी उचलीन, आणि वर पोचून ती टेकवल्यावरच म्हणेन, "आय केम, बाई."