बाबांची उजवी धमनी

हृदयाच्या रक्तवाहिन्यांभोवती रेघा ओढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या आमच्या छोट्या कंपनीत सीटी स्कॅनची चित्रं येतात, नावं पुसलेली. वाहिनी कुठे अरुंद झाली आहे ते आम्ही पडद्यावर आखून द्यायचं, त्यावरून आमचं सॉफ्टवेअर शिकणार, आणि पुढे कधीतरी ते डॉक्टरांना धोक्याची जागा आपणहून दाखवणार, असा हा संशोधनाचा खटाटोप. दिवसभर लोकांची हृदयं बघूनही मी दुपारचा डबा निवांत खात असे. मग बाबा साताऱ्याहून म्हैसूरला आमच्याकडे राहायला आले आणि ते निवांतपण गेलं.

आमचं घर नजरबादला, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना बाबा मध्येच थांबत आणि घरमालकीण आजींच्या कुंड्या न्याहाळत. या माणसाला फुलझाडांची आवड जन्मात नव्हती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "छातीत जरा भरल्यासारखं होतं. पित्त आहे." आमच्या घराण्यात कुठलंही दुखणं आधी पित्तच असतं.

"बसलं की थांबतं का?" मी विचारलं.

"थांबतं की."

चढताना होतं आणि बसलं की थांबतं, ते पित्त नसतं, हृदय असतं. माझी झोप उडाली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनाकडे तर चिंतायला तयार चित्रं होती.

हृदयाच्या डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी करायला सांगितली. हाताच्या शिरेतून औषध सोडून हृदयाच्या वाहिन्यांची चित्रं घ्यायची. हृदय काही आपल्यासाठी स्थिर राहत नाही, त्यामुळे ठोके जितके संथ, तितकं चित्र स्वच्छ. त्यासाठी ते गोळी देतात, आणि ठोके वाढवणारं काही पोटात जाऊ द्यायचं नसतं. मी बाबांना पुन्हा पुन्हा बजावलं, "चहा अजिबात नाही." मामलेदार कचेरीत उभा जन्म काढलेला माणूस. त्यांनी चहाला हात लावला नाही.

तरी हॉस्पिटलमध्ये त्यांचे ठोके खाली येईनात. तंत्रज्ञाने आणखी एक गोळी दिली, बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी तसंच स्कॅन उरकलं. बाबा बाहेर आल्यावर मी विचारलं, "सकाळी काही घेतलं होतं का?"

"छे. खालच्या आजींनी कॉफी दिली, तेवढीच. मग आग्रह केला म्हणून आणखी एक."

"अहो बाबा, कॉफी कशी घेतलीत?"

"तू चहा म्हणालास. कॉफीचं बोलला होतास का?"

जिथे दारात आलेल्याला फिल्टर कॉफी पाजल्याशिवाय सोडत नाहीत, त्या गावात इतकी वर्षं काढून मी सूचना मात्र साताऱ्यातल्या दिल्या होत्या. आजींच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या इथेच गेल्या, त्यांची मराठी निम्मी कन्नडच. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अय्यो, मला काय गोत्तु? गारठा आहे म्हणून स्वल्प काफी दिली की हो. आता काय होतंय मग?"

काय होतंय तेच तर कळत नव्हतं. डावीकडच्या वाहिन्या ठीक होत्या, पण उजवी धमनी हलल्यामुळे वाचता येत नाही, असं रिपोर्टात लिहिलं होतं. आमच्याकडे असली चित्रं आली की आम्ही ती बिनदिक्कत बाद करतो. हे चित्र मी बाद करू शकत नव्हतो. कड दुहेरी, मध्येच पुसट. एकदा बघितलं की धमनी धडधाकट वाटे, पुन्हा बघितलं की बंद पडत आलेली. शेवटी ऑफिसातल्या डॉक्टरबाईंना दाखवलं. "जे चित्रात आलंच नाही ते मी कुठून बघू?" त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला.

"दिसत नाही म्हणजे नाही," बाबांनी निकाल दिला आणि साताऱ्याला परतायची भाषा सुरू केली. मी घर डोक्यावर घेतलं तेव्हा कुठे दुसऱ्या स्कॅनला राजी झाले. मधले दिवस जीव टांगणीला लागलेला. जिन्यात त्यांचं पाऊल थांबलं की मी हातातलं काम टाकून दाराशी धावायचो, आणि ते चिडायचे.

दुसऱ्या खेपेला आजींनी स्वतः पहारा ठेवला. ठोके छान संथ झाले. तंत्रज्ञ कामामुळे ओळखीचा, त्याने मला काचेमागे उभं राहू दिलं. चित्र लख्ख आलं. उजव्या धमनीच्या मधोमध अरुंद झालेली जागा मला कुणी दाखवावी लागली नाही. ज्या धूसर चित्राला इतके दिवस शिव्या घातल्या, तेच परत मिळावं असं वाटलं. त्यात निदान आशेला जागा होती.

बाबा शर्टाची बटणं लावत बाहेर आले आणि बाकावर बसले. माझ्या तोंडाकडे त्यांनी एकदाच बघितलं. मी कुठून सुरुवात करावी ते जुळवत होतो.

"तू रोज हेच बघतोस ना? नाव नसलेल्या माणसांचं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग त्यांच्या घरी कोण सांगतं?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. "त्यांचे डॉक्टर सांगत असतील," मी म्हणालो.

"मग मलाही डॉक्टरच सांगतील," बाबा म्हणाले. बाकावर ते जरा सरकले. "तू काही सांगू नकोस. तू नुसता माझ्याजवळ बस. मला भीती वाटतेय रे."