नक्कल न केलेली तार

साठच्या दशकात मी लोणावळ्याजवळच्या एका छोट्या तारघरात होतो. गिऱ्हाइकाचा मजकूर आधी आमच्या कागदावर उतरवायचा, मग तार पाठवायची, असा नियम होता. मला त्या नकलेचा वैताग यायचा. वेळ जातो, वर चुका होतात. मी थेट मूळ कागदावरूनच पाठवायचो.

एकदा मळवलीच्या एका म्हाताऱ्याने फौजेतल्या मुलासाठी मजकूर आणला. पहिली ओळ, ‘आई अत्यवस्थ.’ दुसरी, ‘ताबडतोब नीघ.’ पहिली ओळ गेली आणि पुण्याच्या तारघराने थांबायला सांगितलं. मी पाणी प्यायला उठलो. तेवढ्यात म्हातारी सावरल्याचा निरोप घेऊन शेजारी आला. तार अजून गेली नसेल असं समजून त्याने खिडकीतून हात घालून दोन्ही ओळी बदलल्या, ‘आई सावरली. येऊ नकोस.’ कागदावर खाडाखोड नेहमीचीच असायची. मी येऊन दुसऱ्या ओळीपासून पुढे पाठवलं.

मुलाला गेलं, ‘आई अत्यवस्थ. येऊ नकोस.’

चूक दिसताच मी दुसरी तार केली, पण पहिली तोवर मुलाच्या हातात पडली असेल का, ही धास्ती होतीच. म्हातारा पायरीवर निवांत बसला होता.

“गेली न्हवं सायेब? मग आता काळजी न्हाई.”

मी हो म्हणालो.