डावं पुढचं चाक

आमादोरने पाना जितक्या वेळा हातात धरला असेल, त्याच्या दसपट वेळा तो धरल्याच्या बढाया मारल्या होत्या. त्याचं सलून होतं. गालावरून वस्तरा फिरवावा तर त्यानेच, असं गावात सगळे म्हणायचे. पण घरजावई माणूस! सासरा अख्खं इंजिन अंगणात उतरवणारा, आणि जावई मिशा कातरणारा. आमादोर स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या घरात दोनच हत्यारं चालतात. सासऱ्यांचा पाना आणि सासूबाईंची जीभ. माझी कात्री पाहुणी."

सासरे गेल्या पावसाळ्यात गेले. मागे राहिली त्यांची जुनी लष्करी जीप. दर गुड फ्रायडेला घरच्या दुःखी माउलीचा, म्हणजे येशूच्या शोकाकुल आईच्या मूर्तीचा, रथ तीच ओढायची. यंदा सासूबाईंनी, म्हणजे नानाय पुरिंगने (नानाय म्हणजे आई), जेवताना सांगून टाकलं, "मिरवणूक झाली की जीप रामिलला देऊ." रामिल त्यांचा भाचा, गॅरेजवाला.

आमादोरने हातातला घास ताटात ठेवला. ही जीप गेली की या घरात आपण कायमचे पाहुणेच, हे त्याच्या मनाने घेतलं. "नानाय, यंदा मी चालवतो. सगळं नीट पार पडलं तर राहू दे ना आपल्याकडेच."

"बघू," नानाय म्हणाली. आणि तिचं 'बघू' म्हणजे काय, हे इतकी वर्षं सासुरवाडीत काढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

शुक्रवारी सकाळी बघतो तर डाव्या पुढच्या चाकातली हवा गेलेली. आमादोर घाबरला नाही. महिन्यापूर्वी उजव्या बाजूचं चाक त्याने स्वतः बदललं होतं आणि पुढे आठवडाभर सलूनमध्ये दुसरा विषय निघू दिला नव्हता.

"रामिलला बोलवू का?" बायकोने, लुर्देसने, विचारलं.

"चाक बदलायला गॅरेजवाला? अगं, लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

पहिला नट हलेना. रॉकेल ओतलं. पान्यावर उभा राहिला, मग उड्या मारल्या. बाकीचे नट करून पाहिले, तेही जागचे हलायला तयार नाहीत. हातोडा उचलला मात्र, कुंपणापलीकडून शेजारची म्हातारी कडाडली, "अरे मेल्या, आज देव मेलाय आणि तू ठोकाठोक करतोस?" हातोडा मुकाट्याने खाली गेला.

बारा वाजले. देव क्रुसावर होता ती वेळ, बारा ते तीन, नानाय दरवर्षी मौन पाळायची. घराला आग लागली तरी ब्र काढणार नाही. जपमाळ घेऊन ती पायरीवर बसली आणि जावयाकडे बघत राहिली.

थोड्या वेळाने तिने बोट वर करून हवेत गरागरा फिरवलं. आमादोरला लगेच कळलं. डोकं फिरलंय का तुझं, असं म्हणतेय. तिने त्याच्याकडे बोट दाखवून पुन्हा फिरवलं.

"हो नानाय, फिरलंय. मान्य आहे," असं म्हणून त्याने दुप्पट जोर लावला. नानायने कपाळावर हात मारला. मग त्याच्या बोटांकडे खूण केली, जीपकडे केली आणि डोक्यावरून पदरासारख्या घेतलेल्या काळ्या ओढणीने डोळे पुसले. झालं! जीपसाठी रडतेय बिचारी, आमादोरने ठरवून टाकलं.

शेवटी त्याने पान्याच्या दांड्यात नळाचा पाइप अडकवला आणि सगळा भार टाकून लोंबकळला. कडाक!

"सुटला!" तो ओरडला. सुटला कसला? बोल्ट मोडून नटासकट हातात आला होता. बोटांची सालटी निघालेली. आमादोर धुळीत फतकल मारून बसला. "वा रे पठ्ठे! वस्तऱ्याने भादरला असतास तर निदान गुळगुळीत तरी निघाला असता."

तीन वाजले आणि नानायचं तोंड उघडलं.

"उलटं फिरव, गाढवा! डाव्या चाकांचे आटे उलटे असतात या जीपचे! सोडवतोय कुठे, आवळतोयस! कधीची बोट फिरवतेय मी!"

"मला वाटलं, डोकं फिरलंय म्हणताय."

"तेही म्हणत होते. नंतर नंतर."

आमादोरने पाना उलट्या बाजूला फिरवला. स्वतःच इतके आवळून ठेवलेले नट! त्याच्या नाकी नऊ आणले त्यांनी, पण उरलेले चारही सुटले. दुसरं चाक चढलं. मिरवणुकीच्या चालीला चार पुरे होते.

"रामिलला सांगा, ने म्हणावं जीप," तो हसत म्हणाला. "एक बोल्ट कमी आहे. तेवढी जावयाची आठवण."

नानाय पायरी उतरून आली. तिने त्याचा हात धरला, तांब्यातलं पाणी ओतलं.

"रामिलला का देतेय, ठाऊक आहे तुला?"

"मला काही जमत नाही म्हणून."

"ते मला तुझ्या लग्नातच कळलं!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम फुटला. "याच जीपखाली यांचा पाय कापला. गेल्या गुड फ्रायडेला. या दिवशी झालेली जखम भरत नाही, असं मी ओरडून सांगत होते, आणि हे हसले."

सासरे पायाच्या जखमेने गेले, हे आमादोरला ठाऊक होतं. डॉक्टरांनी साखरेला दोष दिला आणि त्यानेही दिला. तो दिवस कोणता होता, हे त्याने कधी मनात आणलं नव्हतं.

"मी त्यांच्या उशाशी बसले, तसं माझ्या लेकीनेही बसायचं? नट सुटू दे म्हणून नव्हते रे जप करत मी. तुझी बोटं शाबूत ठेव म्हणत होते."

आमादोरने दुसऱ्या हातातला पाना खाली ठेवला. "नेऊ दे रामिलला जीप, नानाय," तो म्हणाला. यावेळी थट्टा नव्हती.

"नेईल सोमवारी." तिने ओढणीची कड फाडून त्याच्या बोटांना घट्ट बांधली. "आज तू चालव, बाळा. हळू."